हाडाजवळचा वास

रंगाऱ्याच्या नाकाची कीर्ती मोठी होती, आणि तिचा डंका बडवणारा पहिला माणूस तो स्वतःच होता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. बसगाड्या दुरुस्त करणाऱ्या एका कारखान्यात त्याने एकतीस वर्षं फवाऱ्याने रंग मारला. थिनरचा डबा कोणी उघडला की हा लांबूनच सांगायचा, यात भेसळ आहे, परत पाठवा. रंग वाळला की नाही हे बाकीचे बोट लावून बघत आणि मग बोटाचा ठसा घासून काढत बसत. हा नुसता पत्र्याजवळ वाकायचा, दोनदा हुंगायचा आणि म्हणायचा, अजून अर्धा तास. अर्ध्या तासाने रंग वाळलेला असायचा. घरातही तीच तऱ्हा. दूध नासायच्या आधी त्याला कळायचं, आणि भावाने गच्चीवर जाऊन ओढलेली सिगारेट याला खाली दिवाणखान्यात कळायची. शेजारणी म्हणायच्या, यांच्या घरात काही लपवून ठेवायची सोय नाही बाई.

निवृत्त झाल्यावर कोणी बागेत रमतो, कोणी वर्तमानपत्रात. याने तेलाचं एक रिकामं पिंप आणलं. आत तीनदा जाळ करून तेलाचा अंश घालवला, पिंप आडवं करून पायांवर उभं केलं, वरचा भाग कापून त्याचं झाकण केलं, आत जाळी बसवली, एका टोकाला धुरांडं लावलं आणि धुरांड्याला झडप. या पिंपात तो मांसाला धुरी द्यायचा. म्हणजे जाळावर भाजायचं नाही. निखारे एका टोकाला, मांस दुसऱ्या टोकाला, अधूनमधून पेरूच्या लाकडाचे ढलपे टाकत राहायचे, आणि सात-आठ तास नुसत्या धुरावर आणि धगीवर ते शिजू द्यायचं.

वर्षातून एकदा, सगळ्यांना सुट्टी असेल असा दिवस गाठून, त्याची भावंडं पोराबाळांसकट त्याच्या अंगणात जेवायला जमत. पंचवीसएक ताटं होत. बाकीचं ज्याने त्याने रांधून आणायचं, पण मांस याचं. धूर पांढरा आणि दाट असला की मांस कडू होतं, पातळ आणि निळसर झाला की जमलं, हे कोणीही सांगेल. पण धूर डोळ्यांनी बघणाऱ्यांना तो हसायचा. एके वर्षी धाकट्या बहिणीने मोठ्या हौसेने मांसात खुपसायचा थर्मामीटर आणून दिला. मांसाला ताप आलाय का, असं विचारून याने तो स्वयंपाकघरात खिळ्याला टांगून टाकला, आणि सगळं घर पोट धरून हसलं. बहीणही हसली. पण त्यानंतर तिने त्याच्यासाठी कधी काही आणलं नाही.

दोन वर्षांपूर्वी त्याला दहा दिवस ताप आला. ताप गेला आणि जाताना वास घेऊन गेला. आधी त्याला वाटलं, सर्दी आहे. वाफ घेतली, नाकात थेंब घातले, आठवडाभर वाट पाहिली. मग एका सकाळी शेडमध्ये जाऊन त्याने थिनरचा जुना डबा उघडला आणि नाक अगदी तोंडाशी नेलं. डोळ्यांतून पाणी आलं, नाकाला काही म्हणून कळलं नाही. डब्याला झाकण लावून तो तिथेच स्टुलावर बसून राहिला.

आता मला सांगा, यात लपवण्यासारखं काय होतं? माणसाचे दात पडतात, गुडघे जातात, कानात यंत्रं बसतात, आणि लोक चारचौघांत त्याच्या कहाण्या रंगवून सांगतात. पण याने आयुष्यभर ज्याचा तोरा मिरवला नेमकं तेच गेलं होतं. त्याने बायकोला सांगितलं नाही, डॉक्टरला सांगितलं नाही, मुलीला तर नाहीच नाही. उलट सोंग घ्यायला शिकला. बायकोला परीक्षा घेतल्यासारखं विचारायचा, सांग बघू, शेजारी काय शिजतंय? ती सांगायची आणि हा बरोबर म्हणून मान हलवायचा. गेल्या वर्षीचं जेवण त्याने धुराचा रंग बघून आणि मांस बोटाने दाबून कसंबसं निभावलं. सगळ्यांनी बोटं चाटली. बहीण म्हणाली, दादाच्या नाकाला तोड नाही. त्याला मनातून लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटलं. ते बरं वाटलं तिथेच सगळं बिघडलं.

यंदा जेवणाला नवा पाहुणा होता. मुलीचं लग्न होऊन दीड वर्ष झालं होतं, तिला सहावा महिना होता, आणि तिचे सासरे पहिल्यांदाच या सगळ्या गोतावळ्यात यायचे होते. सासरे म्हणजे बाजाराच्या टोकाला दुकान असलेले खाटीक. चाळीस वर्षांचं दुकान, बायको मागेच वारलेली, माणूस अबोल. मुलगा त्यांच्याच हाताखाली तयार झालेला. व्याह्यांच्या घरच्या जेवणाला मांस आपल्याच दुकानातलं जाणार, असा त्यांनी हट्ट धरला. आदल्या दिवशी दुपारी एक वाजता बकऱ्याचे चार खांदे ते स्वतः घेऊन आले, बर्फात ठेवून, पांढऱ्या फडक्यात गुंडाळून. फडकं उलगडलं आणि दोन पावलं मागे सरून उभे राहिले. म्हणाले, दादा, तुम्ही एकदा हुंगून बघा म्हणजे मला चैन पडेल. रंगारी वाकला, एकेक खांदा नाकाशी नेला, डोळे मिटले, आणि म्हणाला, वा, आज सकाळचंच की. खाटकांचा चेहरा असा खुलला की विचारू नका. फाटकाबाहेर जाता जाता ते सुनेला फोनवर सांगत होते, तुझ्या बाबांनी पास केलं बरं का.

खांदे मिठाच्या पाण्याच्या टबात गेले आणि टब शेडमधल्या जुन्या फ्रिजमध्ये. मीठ आतपर्यंत मुरायचं म्हणजे दुसऱ्या सकाळपर्यंत तरी थांबावं लागतं. तेवढ्यात रंगाऱ्याच्या लक्षात आलं की पिंपाच्या झाकणाची बिजागरी अडकतेय. शेडमध्ये प्लग लावायची जागा एकच. त्याने फ्रिजचा प्लग काढला, ग्राइंडर लावला, बिजागरी घासून गुळगुळीत केली, आणि बायकोने चहाला हाक मारली तसा ग्राइंडरची वायर गुंडाळून आत गेला. झालं. दिवस उन्हाळ्याचे, डोक्यावर पत्रा, आणि फ्रिज नुसता कपाटासारखा उभा.

सकाळी साडेपाचला तो पिंप पेटवायला आला. फ्रिजचं दार उघडलं तर आतला दिवा लागला नाही. खाली बघितलं, तर प्लग जमिनीवर. टबात हात घातला, पाणी कोमट. त्याने एक खांदा उचलला आणि सवयीने नाकाशी धरला, आणि मग त्याला स्वतःचीच चीड आली. मांस दिसायला ठीक होतं. जरा बुळबुळीत लागत होतं, पण मिठाच्या पाण्यात सगळंच बुळबुळीत लागतं. ते नासलं होतं की नव्हतं हे त्या घरातल्या कोणालाही सांगता आलं असतं, एकट्या त्याला सोडून.

स्वयंपाकघरात बायको उठली होती, भांड्यांचा आवाज येत होता. ये, जरा हुंगून बघ, एवढं म्हणायची खोटी. पण ती म्हणणार, तुम्ही असताना मी कशाला? मग काय सांगायचं? बरं, प्लग काढला आणि विसरलो असं सांगून सगळं फेकून द्यावं, तर कोणीतरी विचारणारच, अहो पण तुम्ही हुंगलंत ना, गेलंय का खरंच? आणि खाटकांनी तर हौसेने आणलेलं. कुठूनही निघालं तरी गाडी नाकापाशीच येऊन थांबत होती. मग त्याने स्वतःची समजूत घातली. मीठ आहे. आठ तासांची धग आहे. टिकावं म्हणूनच तर माणसं मांसाला धुरी देत आली. स्वतःला फसवायचं ठरवलं की अडाण्यातला अडाणीही मोठा वकील होतो. त्याने खांदे पाच वेळा धुतले, वरून मिरी आणि लसूण चोळला, फ्रिजचा प्लग परत लावला आणि पिंप पेटवलं.

बायकोला त्याने हाक मारली, नाही असं नाही. पण कधी मारली? मांस जाळीवर चढून तास उलटल्यावर, अंगणभर धूर झाल्यावर. नेहमीच्या ऐटीत विचारलं, सांग बघू, कसा येतोय? ती म्हणाली, धुराचा येतोय, दुसरा कशाचा येणार. मग जरा थांबून म्हणाली, मघाशी शेडकडून काहीतरी कुबट येत होतं. पिंपातली जुनी चरबी जळत असेल, असं म्हणून याने विषय मिटवला. आपण मुद्दाम उशिरा विचारलं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

अकरापासून माणसं यायला लागली. सतरंज्या पडल्या, पोरांनी अंगण डोक्यावर घेतलं, धाकट्या बहिणीने बटाटे आणि अंडी उकडून आणली होती. मुलगी नवऱ्याबरोबर आणि सासऱ्यांबरोबर आली आणि वेताच्या खुर्चीत पिंपाजवळच बसली. म्हणाली, हल्ली सगळ्या वासांनी मळमळतं, पण बाबांचा हा धूर तेवढा बरा वाटतो. खाटीक पिंपाभोवती फिरले, झडप कशासाठी, निखारे किती वेळाने बदलायचे, हे सगळं त्यांनी मन लावून विचारून घेतलं. एक कारागीर दुसऱ्याला विचारतो तसं. रंगारी समजावून सांगत होता, आणि धरणीने आत्ता पोटात घेतलं तर बरं असं त्याला वाटत होतं. दोनदा तो बोलायचं म्हणून उठला. एकदा बहिणीने बर्फ आणायला पिटाळलं, एकदा भावाने फोटोसाठी मधोमध उभं केलं. खरं म्हणजे त्याला बोलायचंच नव्हतं, नाहीतर बर्फ आणि फोटो काय पळून जात होते?

दोन वाजता झाकण उघडलं. मांस वरून काळपट, आतून लालसर, सुरी लावताच सुटणारं. बघणाऱ्यांनी वाहवा केली. त्या घरात एक रीत होती. पहिलं ताट रंगारी स्वतः वाढणार, आणि त्यात खांद्याच्या सांध्याजवळचा तुकडा, कारण तिथलं मांस सगळ्यात मऊ. यंदा पहिलं ताट कोणाचं हे विचारायचीही गरज नव्हती. त्याने सांध्याजवळचा तुकडा काढला आणि मुलीच्या हातात ताट दिलं. निदान तेव्हा तरी हात अडखळायला हवा होता. तिच्या पोटातल्या जिवाचा विचार त्याच्या मनात आला, आणि त्याने तो बाजूला सारला, कारण पंचवीस माणसं त्याच्याकडे बघत होती. दुसरं ताट त्याने खाटकांना दिलं, मग बाकीची भराभर वाढली; सगळ्यांना वाढून होईपर्यंत कोणी घास घेत नसे.

खाटकाची सवय अशी की तुकडा हातात आला की आधी हाड मोकळं करायचं. त्यांनी सांधा पिरगळला, हाड ओढून काढलं, आणि ओढता ओढता त्यांचा दुसरा हात सुनेच्या मनगटावर गेला. तिचा घास अजून ताटातच होता.

"थांब, बाळा," ते हळूच म्हणाले. "हाडाजवळ गेलंय हे."

मांस आधी हाडाजवळ नासतं. वर मीठ असतं, मिरी असते, धूर असतो, आत कोणी बघत नाही. पलीकडे बसलेल्या भावाने आपला तुकडा मोडून नाकाशी नेला आणि तोंड फिरवलं. मग एकेक करून सगळ्यांनी ताटं खाली ठेवली, पोरांच्या हातातली काढून घेतली. कोणाच्या पोटात काही गेलं नव्हतं, हे नशीब. मग सगळ्यांचे डोळे रंगाऱ्याकडे वळले, आणि बहिणीने सगळ्यांच्या मनातलं विचारलं, दादा, तुला कसं नाही कळलं?

"कळलं होतं," रंगारी म्हणाला. "काल आणलं तेव्हाच वास आला होता मला. पण व्याही स्वतः घेऊन आलेले. त्यांचं मन कसं मोडायचं? म्हटलं, धुराने जाईल."

हे बोलायचं त्याने ठरवलं नव्हतं. पण तोंडातून निघालं ते असं घडीव निघालं की त्याचं त्यालाच नवल वाटलं. चूक दुसऱ्याच्या माथी गेली, नाक शाबूत राहिलं, वर मनाचा मोठेपणा पदरात पडला. एवढं सगळं एका दमात साधणारा माणूस एरवी साधं टपालात पत्र टाकायला विसरायचा.

खाटकांनी हातातल्या हाडाकडे बघितलं. त्यांचा चेहरा आधी लाल झाला आणि मग एकदम उतरला. जावई उसळून काही बोलायला गेला, मांस त्याच्यासमोर कापलेलं होतं, पण बापाने नुसत्या नजरेने त्याला गप्प केलं. मग उभे राहून म्हणाले, असेल, सकाळी गिऱ्हाईक फार होतं, माझ्याकडूनच झालं असेल. त्यांनी सगळ्यांची माफी मागितली. पोराटोरांचीसुद्धा. रंगाऱ्याची तर दोनदा मागितली, की तुम्ही माझा मान राखलात आणि मी तुमचं जेवण बिघडवलं. रंगारी म्हणाला, चालायचंच. हो, असंच म्हणाला, चालायचंच.

बाकीच्यांनी उकडलेली अंडी, बटाटे आणि पाव खाऊन वेळ मारून नेली. तीनला अंगण रिकामं झालं. बहीण निघताना त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाली, मन मोठं आहे रे तुझं. त्याने पिंपामागे खड्डा खणून सगळं मांस पुरलं. बायको टब घासत होती, तिने मान वर केली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्यापुढे चहा ठेवताना म्हणाली की शेडमधल्या फ्रिजमध्ये दुधाच्या दोन पिशव्या होत्या, त्याही नासल्यात, आणि त्या काही खाटकांनी आणल्या नव्हत्या. ती त्याच्याकडे बघत राहिली. एवढ्या वर्षांच्या संसारात तिने त्याला खोटं बोलताना पकडलं नव्हतं असं नाही, पण ती नजर वेगळी होती.

"मग त्यांच्याकडे कधी जाताय?" तिने विचारलं.

तो बाराच्या सुमाराला गेला. जाताना मनात वाक्यं जुळवत होता, आणि सगळी वाक्यं अशी होती की ज्यात थोडी चूक त्याची, थोडी उन्हाळ्याची आणि थोडी जुन्या फ्रिजची. दुकानाशी पोचला तर शटर अर्धं खाली. आतले सगळे आकडे मोकळे, एकावरही मांस नाही. शीतकपाटाची दारं सताड उघडी, आत काही नाही. खाटीक बाह्या सरसावून, गरम पाणी आणि मीठ घेऊन मांस तोडायचा ओंडका घासत होते. बाहेर एक बाई उभी होती, तिला जावई सांगत होता की आज माल नाही. ते खांदे ज्या दोन बकऱ्यांचे होते त्यांचं मांस ज्यांनी ज्यांनी नेलं त्या सगळ्या घरी खाटकांनी आदल्या संध्याकाळीच फोन केले होते, की खाऊ नका, टाकून द्या. कोणी खाऊन मोकळे झाले होते आणि म्हणाले, आम्हाला तर छान लागलं. एकजण मात्र दारात येऊन चार लोकांत वाटेल ते बोलून गेला होता. चाळीस वर्षांत पहिल्यांदा.

रंगाऱ्याला बघून खाटीक लाजले. तेच लाजले. हात पुसून त्यांनी स्टूल पुढे केलं आणि आतून दोन थाळ्या आणल्या, एकेका थाळीत एकेक तुकडा.

"बरं झालं आलात, दादा. एक त्या परवाच्या बकऱ्याचा आहे, वेगळा ठेवलाय. एक आज सकाळचा, ताडून बघायला मुद्दाम आणलाय. मला दोन्ही सारखेच वाटतात. पोरालाही काही कळत नाही. तुम्ही सांगा."

रंगाऱ्याने थाळ्या हातात घेतल्या. खाटीक सांगत राहिले, की काल हाड मोकळं केल्यावर कळलं ते कोणालाही कळलं असतं, पण तुम्हाला दारात आला तो वास मला सकाळी कापताना आला नाही, म्हणजे माझंच नाक गेलं म्हणायचं. या धंद्यात नाक गेलेल्या माणसाने बसू नये, कोणाच्या तरी पोराबाळांच्या जिवाशी खेळ होतो. तेव्हा पुढच्या महिन्यापासून सगळं पोरावर सोडायचं त्यांनी ठरवलं होतं. ते हे तक्रारीच्या सुरात सांगत नव्हते. हवा बदलल्याचं सांगावं तसं सांगत होते, फक्त बोलताना त्यांचा हात ओंडक्यावरून फिरत होता.

रंगारी दोन्ही थाळ्या घेऊन बसला होता. एकीकडे बोट दाखवायचं, हा चांगला आणि तो गेलेला, की सुटला. कोण तपासणार होतं? पण समोर एक माणूस त्याच्या शब्दावर आपलं आयुष्य आवरून ठेवायला निघाला होता, आणि तो शब्द पोकळ होता. जुळवून आणलेली वाक्यं एकही आठवेना. लाजेने त्याचे कान तापले.

"मला वास येत नाही," तो म्हणाला. "दोन वर्षं झाली. कशाचाच येत नाही."

मग बाकीचं आपोआप बाहेर पडलं. ग्राइंडर, प्लग, कोमट पाणी, पाच वेळा धुतलेले खांदे. परवा दारात डोळे मिटून हुंगलं ते सोंग होतं, काल अंगणात बोललो ते खोटं होतं. खाटकांनी त्याच्या हातातून थाळ्या काढून घेतल्या आणि नीट खाली ठेवल्या.

"म्हणजे मांस चांगलं होतं?"

"चांगलं होतं."

खाटीक ओंडक्याच्या कडेला टेकले आणि मनगटाने डोळे पुसायला लागले. रागावले असते, दोन शिव्या हासडल्या असत्या, तर रंगाऱ्याला सोसलं असतं. पण त्या माणसाला राग आलाच नव्हता, त्याचा जीव भांड्यात पडला होता. मग ते म्हणाले, हे सुनेला तुम्हीच सांगा. कालपासून ती नवऱ्याशी बोलत नाही. तो म्हणाला की मांस चांगलं होतं, आपल्यासमोर कापलंय, तर ही त्याला म्हणाली, माझे बाबा खोटं बोलत नाहीत.

दुकानामागेच घर होतं. मुलगी आली, कमरेला हात टेकत, बापाला बघून हसली. त्याने उभ्यानेच तिला सगळं सांगितलं. तेच दुसऱ्यांदा सांगणं जास्त जड गेलं. त्याचं बोलून झाल्यावर तिने एकच विचारलं.

"प्लग निघालाय हे तुम्हाला कधी कळलं?"

इथेही एक पळवाट होती. सगळे गेल्यावर कळलं, असं म्हटलं असतं तर तिने विश्वास ठेवला असता. ठेवायचाच होता तिला, चेहऱ्यावर दिसत होतं.

"सकाळी," तो म्हणाला. "पिंप पेटवायच्या आधी."

तिने कमरेवरचा हात काढला.

"आणि पहिलं ताट मला दिलंत."

"हो."

ती रडली नाही, भांडली नाही. सासऱ्यांकडे वळून म्हणाली, तुम्ही आधी जेवून घ्या, कालपासून पोटात अन्नाचा कण नाही तुमच्या, भात होतोय. आणि आत गेली. बापाला तिने थांबा म्हटलं नाही, जा म्हटलं नाही.

खाटकांनी नळ सोडून कोपरापर्यंत हात धुतले. मग, स्वभावच तो, म्हणाले, दादा, चला, दोन घास खाऊन घ्या. रंगाऱ्याने मान हलवली. माझं झालंय, म्हणाला. आणि ते खोटं नव्हतं. सकाळी बायकोने तसं विचारल्यावरसुद्धा त्याने दोन अंडी, चार पाव आणि दोन कप चहा असं पोटभर खाल्लं होतं.